नाकाची चतुःसीमा

वाल्मिक ठोंबऱ्याच्या नाकाबद्दल पहिली अधिकृत तक्रार निघाली ती खालापूरच्या कंपनीत, आणि तीही सुरक्षा सप्ताहात. तोवर ते नाक चाळिशी ओलांडून गेलं तरी त्याच्या तोंडावर कोणाला त्रास न देता बसलं होतं. ‘त्रास न देता’ हे अर्थात त्याचं मत. त्याची बायको अक्षदा कित्येक वर्षं हॉलमध्ये झोपत होती. का झोपतेस म्हणून विचारलं की ‘तिकडे वारा येतो’ एवढंच सांगायची. नेरळमधल्या त्यांच्या सोसायटीत हॉलला एकच खिडकी आहे, आणि ती जिन्यात उघडते.

वाल्मिक रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. तिथल्या सॉल्व्हंटच्या गोदामाचे इन्चार्ज निवृत्त व्हायला आले होते आणि ती जागा वाल्मिकला मिळणार हे साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त त्या गोदामात जायचं तर तोंडावर गॅसचा मास्क लागतो, आणि तो मास्क चेहऱ्यावर नीट बसतो की नाही याची आधी परीक्षा होते. परीक्षा घेणारा सेफ्टी ऑफिसर स्वराज म्हणजे कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेला मुलगा. त्याने वाल्मिकला मास्क घातला, डोक्यावरून पारदर्शक पिशवीसारखी टोपी चढवली आणि तिच्या भोकातून कसलासा फवारा मारला. मास्क घट्ट बसला असेल तर आतल्या माणसाला काही लागत नाही. फट असेल तर तोंड कडू होतं.

“काका, काही लागतंय?”

“कडू लागतंय.”

स्वराजने पट्टे आवळले, पुन्हा फवारा मारला.

“आता?”

“आता जास्त कडू लागतंय.”

मागे रांगेत उभे असलेले लोक कुजबुजत होते, “नाय लागत म्हना ना, दादा. जेवनाची सुट्टी चाललीय.” पण वाल्मिकला खोटं बोलता येत नसे. इतकी वर्षं स्टोअरमध्ये काढूनही ती सवय त्याला लागली नव्हती. शेवटी स्वराजने टोपी काढली, टॉर्च घेतला आणि वाल्मिकच्या चेहऱ्याची एखाद्या गळक्या व्हॉल्व्हसारखी तपासणी केली.

“मास्क चांगला आहे, काका. तुमचं नाक डावीकडे वळलंय. त्यामुळे उजव्या बाजूला फट राहते.”

आणि त्याने रजिस्टरमध्ये शेरा मारला: ‘चेहऱ्याची ठेवण प्रतिकूल.’ वाल्मिकने तो उलटा वाचला. माणसाचं काम प्रतिकूल असू शकतं, हवामान असू शकतं, पण चेहरा? तो त्या दिवशी जेवला नाही. तसं तोंडही अजून कडूच होतं.

कर्जतच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी नाकपुडीत थंडगार नळी घातली, पडद्यावर बघितलं आणि विचारलं, “ठोंबरे, उजव्या बाजूने शेवटचा श्वास कधी घेतलात?”

वाल्मिकला आठवेना. नाकपुड्या दोन असल्या तरी एक चालू आणि एक राखीव, अशीच देवाने योजना केली असावी असा त्याचा समज होता. स्टोअरच्या माणसाला ती पटण्यासारखीच होती. डॉक्टरांनी सांगितलं की तसं काही नसतं. नाकाचा मधला पडदा वाकडा आहे, म्हणून उजवी बाजू बंद, म्हणून घोरणं, म्हणून सकाळी डोकं जड. तो पडदा सरळ करण्याचं ऑपरेशन सोपं आहे. एवढं बोलून ते हात धुवायला उठले आणि जाता जाता म्हणाले, “बाहेरचं हाडही वाकडं आहे. हवं असेल तर त्याच वेळी तेही सरळ करता येईल. दिसायलाही बरं दिसेल.”

डॉक्टरांनी हे ज्या सहजपणे म्हटलं त्या सहजपणे ते वाल्मिकच्या कानात शिरलं नाही. कर्जतबाहेरच्या चार फाट्यावर त्याने बाईक कडेला घेतली आणि आरशात पाहिलं. रोज दाढी करताना दिसणारं नाक आज वेगळंच दिसलं. ते समोर पाहतच नव्हतं. तो स्वतः कर्जतकडून नेरळकडे निघाला होता आणि त्याचं नाक डावीकडे खालापूरला जायला निघाल्यासारखं दिसत होतं. लग्नाच्या अल्बममध्ये फोटोग्राफर सारखा ‘जरा उजवीकडे बघा’ का म्हणत होता, याचा उलगडा त्याला तिथे रस्त्याच्या कडेला झाला.

घरी त्याने विषय काढला.

“श्वासाचं करून घ्या,” अक्षदा म्हणाली. “पण बाहेरचं कशाला? मी कधी तक्रार केली का?”

“तू केली नाहीस. पण कंपनीने लेखी केली आहे.”

“कंपनीला तुमच्याबरोबर संसार करायचाय का?”

“तसं नाही गं. एकदा उघडतायतच, तर मग बाहेरूनही नीट करून घ्यावं. असं नाक घेऊन माणूस किती दिवस फिरणार? चारचौघांत बरं दिसतं का ते?”

टेबलाशी त्यांची मुलगी रिया अभ्यास करत बसली होती. कर्जतच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. तिने मान वर करून बापाकडे पाहिलं आणि पुन्हा वहीत घातली.

सोसायटीला बातमी कळायला संध्याकाळ पुरली. दुसऱ्या मजल्यावरचा जितेश फ्लॅट आणि प्लॉटची दलाली करायचा. बांधायच्या आधीच इमारत किती देखणी दिसेल हे चित्रात दाखवणं हा त्याचा धंदा, त्यामुळे नाक त्याला किरकोळ काम वाटलं. त्याने मोबाईलवर वाल्मिकचा फोटो काढला, बोटाने दोनदा इकडेतिकडे केलं आणि सरळ नाकाचा वाल्मिक त्याच्यासमोर धरला.

वाल्मिक त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिला. तो माणूस बँकेत मॅनेजर शोभला असता. त्याला कोणी रांगेत थांबवलं नसतं.

“दादा, मला पाठवशील?” असं त्याने जितेशला विचारलं. जितेशने त्याला पाठवला आणि सोसायटीच्या ग्रुपवरही टाकला. जुना फोटो डावीकडे, नवा उजवीकडे, आणि खाली मतदान: ‘ठोंबरेदादांना कोणतं नाक शोभेल?’ त्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरबद्दल वर्षानुवर्षं एकमत झालं नव्हतं. नाकावर अर्ध्या तासात झालं. जुन्या नाकाला एक मत पडलं, तेही आपल्याकडून चुकून दाबलं गेल्याचं जितेशने नंतर कळवलं.

तळमजल्यावर सोनुबाई राहायच्या. खालापुराकडच्या गावातून मुलाबरोबर नेरळला आलेल्या, आणि सगळ्या सोसायटीला आपलंच घर समजणाऱ्या. त्या म्हणाल्या, “आपरेशन कशाला रं? कपड्याचा चिमटा घे नि झोपताना लाव. म्हैना-पंधरा दिवसांत सरळ व्हतंय.” वाल्मिकने विचारलं की चिमटा लावला तर श्वास कसा घ्यायचा. त्या म्हणाल्या, “तसा कुठं घेतोस तू?”

गच्चीवर योगासनांचा वर्ग चालायचा. तिथल्या मंडळींनी त्याला जलनेती करायला लावली. चोच असलेल्या लोट्यातून एका नाकपुडीत मिठाचं कोमट पाणी सोडायचं, ते दुसरीतून बाहेर येतं. वाल्मिकच्या बाबतीत दुसरीकडे रस्ताच बंद होता. पाण्याने थोडा विचार केला आणि घशाकडून वळण घेतलं. थोडं कानाकडेही गेलं असावं, कारण पुढे दिवसभर कंपनीत कोणी काही विचारलं तर त्याला ते विहिरीतून आल्यासारखं ऐकू येत होतं. त्याने एका माणसाला हातमोज्यांऐवजी हातोडे दिले.

हे सगळं चाललेलं असताना त्याने कंपनीच्या विम्याकडे अर्ज केला होता. तिथून एका मॅडमचा फोन आला. आवाज फार गोड होता.

“सर, आतल्या ऑपरेशनचं काही नाही, ते मंजूर होईल. बाहेरच्या भागाबद्दल विचारायचं होतं. नाक जन्मापासून वाकडं आहे की अपघाताने झालं?”

“त्याने काय फरक पडतो?”

“जन्मापासून असेल तर ते सौंदर्यात जातं, सर. सौंदर्य पॉलिसीत बसत नाही.”

“आणि अपघाताने झालं असेल तर?”

“मग ते नुकसान. नुकसान बसतं.”

उभ्या आयुष्यात वाल्मिकच्या चेहऱ्याच्या संदर्भात सौंदर्य हा शब्द कोणीतरी प्रथमच वापरला होता, आणि तोही नामंजूर करण्यासाठी. मॅडमनी पुढे सांगितलं की अपघात असेल तर त्या वेळचे उपचाराचे कागद पाठवा. कागद नसतील तर प्रत्यक्ष पाहणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र चालेल.

रविवारी तो पोशीरला गेला. त्याची आई अंबूबाई अजून गावच्या घरात राहायची. नेरळ हाकेच्या अंतरावर होतं, पण जिन्याच्या घरात तिचा जीव रमत नसे. ती ओटीवर तांदूळ पाखडत बसली होती.

“आये, लहानपणी मी कुठं पडलो होतो का गं? नाकावर?”

“नाय.”

“आठवून बघ ना. झाडावरून? बैलगाडीतून?”

सूप थांबलं. “कोन म्हनलं तुला पडलास म्हनून?”

“कोणी नाही. मीच विचारतोय. पडलो असतो तर बरं झालं असतं.”

“बरं झालं आसतं? मी काय पोरगं उकिरड्यावं टाकून शेतावं जात व्हते? कडेला घेऊन लावनी केलीय मी. एक खोक पडू दिली नाय तुला.” अंबूबाईचा आवाज चढला. “नाकाला काय झालंय? तुज्या बापाचं तेच, त्याच्या बापाचं तेच. पोरीनंबी तेच घेतलंय. ठोंबऱ्यांचं नाक हाय ते.”

वाल्मिक अपघाताच्या शोधात होता, त्यामुळे बाकीचं त्याने मनावर घेतलं नाही. आईने त्याला चहा दिला, पण नेहमीसारखी भाकरी खाऊन जा म्हणाली नाही.

शेजारच्या ओट्यावर जैतूकाका हे सगळं ऐकत बसले होते. त्यांनी हाक मारली. “आरं वाल्मिक, तुला नागूनं दांडू नवता का हानला? इटीदांडू खेळताना? मोप रगत आलं व्हतं. तुज्या आयला आमी सांगितलंच नाय. हळद नि चुना लावून आनला तुला.”

वाल्मिकला एकदम हलकं वाटलं. आपलं नाक फुटलं होतं ही बातमी ऐकून इतका आनंद झालेला माणूस पोशीरने तोवर पाहिला नव्हता. त्याला स्वतःला त्यातलं काही आठवत नव्हतं, पण जैतूकाकांना आठवत होतं, आणि हळदीचे कागद कोणी ठेवत नाही.

नागू आता मोठा माणूस झाला होता. पोशीरच्या बाजूची थोडी जमीन विकून, थोडी घेऊन आणि बरीच सपाट करून त्याने दोन जेसीबी आणि एक पांढरी गाडी केली होती, आणि येत्या पंचायत निवडणुकीला तो उभा राहणार होता. त्याने वाल्मिकला गादीवर बसवलं, थंडा मागवला, सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे मी तुला मारलं, आसं मी लिहून देऊ?”

“मारलं म्हणजे काय, खेळताना लागलं.”

“इलेक्शन तोंडावं आलंय, वाल्मिक. समोरचा बॅनर लावील, नाकं फोडनारा उमेदवार म्हनून.”

“अरे, आपण पोरं होतो तेव्हा. इतकं जुनं कोण काढतंय?”

“तुला काय म्हाईत? ह्या तालुक्यात त्याच्यापेक्षा जुनं काढतात. सातबारा बघितलाय का कधी?”

वाल्मिक रिकाम्या हाताने परतला, पण गावात विषय राहिला. आठवड्याच्या आत असं पसरलं की ठोंबऱ्याचा वाल्मिक नाक फोडल्याची केस करतोय, वकीलही बघितलाय. त्या काळात विटीदांडू खेळलेली माणसं एकेक करून अंबूबाईकडे येऊन, आपण त्या दिवशी तिथे नव्हतो असं सांगून गेली. एकजण तर म्हणाला की तो लहानपणी विटीदांडू खेळलाच नाही, त्याला आवडत नसे. अंबूबाईने वाल्मिकला फोन करून विचारलं, “तू गावात काय लावलंयस रं?”

मग जैतूकाकांनी लोकांना समजावलं की केस नाही, विमा आहे, आणि विम्यात पैसे मिळतात. त्याबरोबर वारं फिरलं. आता जो तो नाक आपणच फोडल्याचं सांगायला लागला. एकाने दगड मारला होता. एकाच्या म्हशीने शिंग लावलं होतं, आणि ती म्हैस कशी चांगली होती हेही त्याने सांगितलं. वाल्मिकला मोजदाद ठेवता येईना. एवढा मार खाऊन आपण जिवंत कसे राहिलो, असा प्रश्न त्याला पडला.

शेवटी नागूचाच फोन आला. त्याचा आवाज दुखावलेला होता. “मी आयकतोय काय? म्हशीनं मारलं म्हनून लिहितोयस? आरं, मी मारलं व्हतं तुला. दुसऱ्या कुनाचं नाव टाकू नकोस. उद्या कर्जतला येतो, सही करतो.”

कर्जतला कचेरीबाहेर टपरीत बसणाऱ्या बाँड रायटरने त्यांना बसवलं. कॉम्प्युटरवर बोटं ठेवून विचारलं, “गट नंबर?”

“जमिनीचं नाही,” वाल्मिक म्हणाला. “नाकाचं आहे.”

बाँड रायटरने वर पाहिलं. त्याच्या साऱ्या कारकिर्दीत जमिनीशिवाय दुसऱ्या कशाचा कागद त्याने केला नव्हता. पण तो जिद्दीचा माणूस होता. एक जुना मसुदा उघडून तो जमेल तिथे शब्द बदलत गेला, आणि सही करायच्या आधी रिवाजाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवला. “सदर नाक मौजे पोशीर, तालुका कर्जत येथील श्री. वाल्मिक ठोंबरे यांच्या मालकी व वहिवाटीचे असून, त्याची चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस डावा गाल, पश्चिमेस उजवा गाल, उत्तरेस कपाळ, दक्षिणेस मिशी. सदर नाकास लिहून देणार यांच्या दांडूने इजा झाली हे खरे आहे.” मधे बरंच काही होतं, पण तो भरभर वाचत होता. नागूने मान डोलावली. “चांगलं लिव्हलंय. येकदम पक्कं.” आणि झोकदार सही केली. त्याने सही करतानाचा फोटोही काढून घेतला, प्रचाराला लागला तर असावा म्हणून.

मॅडमचा फोन पुढच्या आठवड्यात आला. आवाज तितकाच गोड होता.

“सर, बाहेरच्या भागाचा दावा नाकारला गेलाय. तुमच्याच प्रतिज्ञापत्रात दुसऱ्या परिच्छेदात लिहिलंय, ‘सदर नाक वडिलोपार्जित असून त्यावर इतर वारसांचा हक्क अबाधित आहे.’ वडिलोपार्जित असेल तर अपघात कसा, सर?”

वाल्मिकने कागद काढून पाहिला. लिहिलं होतं खरं. बाँड रायटरचं ते वाक्य बोटांत बसलेलं होतं, तो तरी काय करणार? आणि गंमत म्हणजे सबंध प्रतिज्ञापत्रात ज्याची वाल्मिकला मनातून खात्री होती असं तेवढं एकच वाक्य होतं.

याच सुमारास स्वराज स्टोअरच्या खिडकीशी आला. “काका, तुम्हाला एक सांगायचं राहिलं होतं. तुम्ही लावलेला मास्क मध्यम साईजचा होता. मोठा लावून बघितला तर कदाचित बसेल. पण मी मागवायला गेलो तर जुन्या फायलीत शेरा दिसला, ‘एकच साईज ठेवावी, रॅकमध्ये गर्दी होते.’ स्टोअरने लिहिलंय.”

“स्टोअरमध्ये कोणी?”

स्वराज रॅककडे बघू लागला. त्याला घरी चांगलं वळण होतं. स्टोअरमध्ये वाल्मिकशिवाय दुसरं कोणी कधी नव्हतंच.

मोठा मास्क आला. पिशवी चढली, फवारा उडाला, आणि वाल्मिकला काहीही लागलं नाही. गोदामाची जागा त्याला मिळाली. म्हणजे ज्या कारणासाठी एवढं सगळं सुरू झालं ते कारण संपलं. शहाण्या माणसाने इथे थांबून नुसता श्वासाचा इलाज करून घेतला असता. पण वाल्मिक आता थांबण्याच्या पलीकडे गेला होता. जितेशने बनवलेला तो सरळ नाकाचा माणूस त्याच्या मोबाईलमध्ये होता. लंच टाइममध्ये तो त्याला उघडून बघे. विमा नाही तर नाही, बाहेरचं काम स्वतःच्या खर्चाने करायचं असं त्याने ठरवलं, आणि ते जो भेटेल त्याला सांगितलं. सांगताना आपल्या नाकाला त्याने काय काय नावं ठेवली, त्याचा हिशेब नाही. वाकडा नळ म्हणाला, मोडका दांडा म्हणाला, पाहुण्यांसमोर तर ‘हे असं नाक शत्रूलाही नको’ म्हणाला. लोक हसत, म्हणून तो आणखी म्हणे.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना शेवटचं भेटायचं होतं. अक्षदाच्या शिवणक्लासची त्या दिवशी परीक्षा होती, म्हणून रिया बरोबर गेली. वाल्मिकने मोबाईल डॉक्टरांसमोर धरला आणि उंचवटा किती कमी करायचा, टोक किती वर घ्यायचं, हे बारकाईने सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. सरळ नाक म्हणजे फोटोतलं नाक नव्हे, हेही सांगितलं. मग रिवाजाप्रमाणे विचारलं, “अजून काही शंका?”

“मला एक विचारायचं होतं,” रिया म्हणाली. “माझं कधी करता येईल?”

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “तुला श्वासाचा त्रास होतो?”

“नाही.”

“घोरतेस? डोकं दुखतं?”

“नाही.”

“मग?”

“हेच नाक आहे ना माझं,” रिया म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. पुढच्या महिन्यात परीक्षा कधी आहे हे विचारावं तसं तिने विचारलं होतं. “बाबा म्हणतात, हे शत्रूलाही नको. मग त्यांच्याबरोबरच झालं तर बरं.”

वाल्मिकने मुलीकडे पाहिलं. रोज बघत होता, पण असं पाहिलं नव्हतं. डावीकडे झुकलेलं, मधे किंचित उचललेलं तेच नाक तिथे होतं, आणि त्या चेहऱ्यावर ते चांगलं दिसत होतं. चांगलं म्हणजे बापाच्या डोळ्यांना चांगलं असं नव्हे, खरोखरच. ते काढून जितेशच्या फोटोतलं तिथे बसवलं तर रिया कुठेच उरणार नव्हती. आणि गेले कित्येक दिवस जेवताना, जिन्यात, पाहुण्यांसमोर आपण नेमक्या कोणत्या नाकाला नावं ठेवत होतो ते त्याला एकदम कळलं. अलीकडे ग्रुपवर तिचे फोटो का नसतात, मामाच्या लग्नात ती कॅमेऱ्यासमोरून सारखी का सरकत होती, हे सगळं एकामागून एक समोर आलं.

त्याने मोबाईल उचलून खिशात ठेवला.

“डॉक्टर, फक्त आतलं करा.”

“नक्की? आत्ताच तुम्ही...”

“नक्की. बाहेरून हात लावायचा नाही.”

परत येताना ते स्टेशनजवळ वडापाव खायला थांबले. वाल्मिकला बरंच बोलायचं होतं. तो म्हणाला, “तसं माझं नाक आणि तुझं नाक यात फरक आहे.” मग म्हणाला, “म्हणजे फरक असा नाही.” मग म्हणाला, “मिरची घेणार का?” रियाने मिरची घेतली. अर्धा वडा झाल्यावर ती म्हणाली, “बाबा, राहू द्या. घोरणं तेवढं बरं करून घ्या. आई कंटाळलीय.”

ऑपरेशन नीट झालं. दोन्ही नाकपुड्यांत कापूस भरून वाल्मिक घरी आला आणि काही दिवस तोंड उघडं ठेवून बसला. नाक फुगलेलं होतं, डोळ्यांखाली काळं पडलं होतं, आणि बोलला की प्रत्येक म चा ब होत होता. अंबूबाई पोशीरहून आली. पोराची दशा बघून तिचे डोळे भरले. तिने बोट नाकावरून वरून खाली फिरवलं, जिथे वळायचं तिथे ते वळलं, आणि मग तिने आत जाऊन भाकऱ्या टाकल्या.

कापूस निघाला, सूज उतरली. एका पहाटे वाल्मिक जागा झाला, तेव्हा दोन्ही बाजूंनी हवा येत होती. त्याला ती इतकी जास्त वाटली की कोणीतरी खिडकी उघडी टाकली असावी म्हणून तो बघायला उठला. अक्षदा बाजूलाच झोपली होती. हॉलमधली गादी गुंडाळून ठेवलेली होती. वारा आता इकडे येत असावा.

मग लोक नवीन नाक बघायला यायला लागले. जितेशने समोरून आणि बाजूने पाहिलं, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, ‘जबरदस्त रिझल्ट’. खाली अंगठ्यांची रांग लागली.

“अरे, बाहेरचं काही केलेलंच नाही,” वाल्मिक म्हणाला.

“बरोबर आहे दादा, असंच सांगायचं असतं,” जितेश म्हणाला आणि मेहुणीसाठी डॉक्टरांचा नंबर घेऊन गेला.

नागू निवडणूक जिंकला होता. तो पेढे घेऊन आला, नाकाकडे बघून खूश झाला आणि म्हणाला की मी वाकडं केलं होतं त्याचा मागमूसही राहिला नाही, डॉक्टर हुशार आहे. वाल्मिकने त्यालाही खरं सांगून पाहिलं. नागूने डोळा मारला. “विम्यावाल्यांना कळू देत नाय मी. काळजी करू नकोस.” त्यानंतर वाल्मिकने खरं सांगणं सोडून दिलं.

सोनुबाई सगळ्यांत शेवटी आल्या, गुडघे दुखतात म्हणून. खुर्चीत टेकल्या, वाल्मिकला उजेडात तोंड करायला लावलं, आणि हनुवटी धरून इकडून तिकडून फिरवून पाहिलं. रिया चहा घेऊन आली होती. सोनुबाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि त्यांची खात्री पटली.

“आता कसं झालं बघ,” त्या म्हणाल्या. “आधी काय ते ध्यान. आता आगदी रियाच्या नाकावानी झालंय. तस्संच देखनं.”

रिया ट्रे धरून उभी होती. वाल्मिकने तिच्याकडे पाहिलं नाही. तो सोनुबाईंना म्हणाला, “डॉक्टरांना तिचाच फोटो दिला होता, मावशी. म्हटलं, सेम असं करा.”

“मग,” सोनुबाई कप उचलत म्हणाल्या, “नमुना चांगला दिला की काम चांगलंच व्हतंय.”

रियाने ट्रे टेबलावर ठेवला, स्वयंपाकघरात गेली, आणि मग आतून तिचं आणि अक्षदाचं हसणं ऐकू यायला लागलं. ते बराच वेळ थांबेना.

“काय झालं गं पोरींनो?” सोनुबाईंनी विचारलं.

“काही नाही, मावशी,” वाल्मिक म्हणाला. “तुम्ही चहा घ्या.”